‘गॅसकेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आधीच कबूल करून टाकते. काटा लाल रेघेकडे चाललेला मी पाहिला होता. पाहिला आणि तरीही गाडी थांबवली नाही.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी नऊची वेळ, वाईहून पसरणी घाटाने आम्ही पाचगणीला निघालो होतो. गाडीत माझ्यासकट चौघी. डिकीत, पायाशी, मांडीवर, जिथे जागा मिळेल तिथे नाचणीच्या पापडांची आणि कुरडयांची खोकी. शनिवारी पाचगणीत पर्यटकांची गर्दी असते. दहाच्या आत टेबल मांडलं तर दुपारपर्यंत निम्मा माल हातावेगळा होतो, उशीर झाला तर खोकी तशीच परत आणायची. त्या दिवशी नेमका पुढे मालाने भरलेला ट्रक, त्याच्यामागे एसटी आणि एसटीमागे आम्ही. सगळा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर.

मागे बसलेल्या मावशी म्हणाल्या, “ताई, गाडीत काकवीसारखा वास येतोय बघा.”

मी म्हटलं, “मावशी, तुमचं सगळं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं, तुम्हाला सगळीकडे काकवीच!” सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. “मागच्या खेपेला पण येत होता,” एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

काटा एरवी निम्म्यावर असतो. तो पाऊणवर गेला, मग त्याच्याही वर. आता थोडंच राहिलं, वर पोचलं की थांबू, असं मनाशी म्हणत मी आणखी दोनेक किलोमीटर रेटली. मग इंजिन आचके देऊ लागलं, बॉनेटच्या फटीतून भसाभसा वाफ आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

एक जीपवाले थांबले. भला माणूस. बाटली घेऊन आले आणि म्हणाले, “रेडिएटरचं झाकण काढा, गार पाणी ओतू, लगेच चालू होईल.” ते फडका घेऊन झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मावशी ओरडल्या, “अहो दादा, वाफ मुरल्याशिवाय कुकर उघडतं का कुणी?”

त्या बाईंनी त्या माणसाचं तोंड भाजण्यापासून वाचवलं, हे मला नंतर कळलं. आणि वाचण्यासारखं जे काही इंजिन उरलं होतं तेही वाचवलं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर धातूला तडा जातो, आणि मग दुरुस्तीची भाषाच संपते.

या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. आमची मारुती ८००, २००८ सालची. पांढरी, एसी नसलेली. हे मॉडेल कंपनीने २०१४ च्या जानेवारीत बंद केलं, पण आमच्याकडे अजून गल्लीगल्लीत दिसतं. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२३ साली आम्ही तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं, आता २०२८ पर्यंत कागद चालू आहेत. आमचे हे स्कूटरवरून कामाला जातात, त्यामुळे गाडी खरी माझ्याच हातात. धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांतल्या बचत गटाच्या बायकांचा माल आणायचा, विकायला न्यायचा, कुणाला तपासणीला साताऱ्याला न्यायचं, हे सगळं तिच्यावर. पेट्रोल वाटून घेतो. संध्याकाळी एसटी चुकली की वर जायला दुसरं काही नसतं. म्हणून ती बंद पडली तेव्हा गाडी एकटीच बंद पडली नव्हती.

एका पिकअपवाल्याने टोचन करून आम्हाला खाली आणलं. खोकी अर्थातच परत आली. ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या फिटरदादांनी इंजिन गार झाल्यावर ऑइल ओतायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर होता, दह्यावरच्या सायीसारखा.

“बघा वहिनी. हेड गॅसकेट गेलं. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. आता नुसतं गॅसकेट टाकून भागायचं नाही, खालचं पण सगळं गेलं असणार. इंजिन बांधायला पस्तीस हजार धरून चाला. खरं सांगू? या गाडीवर एवढा खर्च करू नका. गिऱ्हाईक मी बघतो, वीस हजार येतील.”

या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

घरी आल्यावर ह्यांचं म्हणणं सरळ होतं, “विकून टाकू. सतरा-अठरा वर्षांची गाडी ती.” सासूबाई म्हणाल्या, “घाटात अडकून जिवावर बेतलं नाही हेच मिळवलं.” मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. इंजिनातलं मला काय कळतंय? मी बी. ए. मराठीची.

पण रात्री झोप येईना. आठवत होत्या धोमच्या वरच्या गावातल्या एक वहिनी. अंगावर जास्त जातंय म्हणून त्या एका खासगी दवाखान्यात गेल्या होत्या. तिथे पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पिशवी काढून टाका. सोनोग्राफी नाही, रक्ताची तपासणी नाही. मी त्यांना म्हटलं होतं, “वहिनी, कशावरून काढायची ते आधी विचारा. तपासणीत काय दिसलं ते विचारा.” साताऱ्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या आणि औषधांवर भागलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या, तेव्हापासून हा एक प्रश्न मी प्रत्येकीला पाठ करून घेते: कशावरून?

आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी एक झाकण पाहून मान डोलावून आले होते. माणसाच्या दुखण्याची गाडीशी तुलना नको, हे मला कळतं. पण प्रश्न तोच होता, आणि तो मी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने साताऱ्यातल्या एका जुन्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. अकरा वर्षं मस्कतला गॅरेजमध्ये काढून परत आलेले. फोनवर त्यांनी किंमत सांगितलीच नाही. म्हणाले, “ताई, गाडी आणा. चालवत आणू नका, टोचन करून आणा. आणि येण्याआधी आठवून ठेवा, गेल्या दोन महिन्यांत गाडीने काय काय केलं.”

वाईहून सातारा पस्तीसेक किलोमीटर. टोचनचे पैसे गेले, तेव्हा ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

चाचांनी मला एका स्टुलावर बसवलं आणि आधी गॅसकेट म्हणजे काय ते समजावलं. मी ते माझ्या शब्दांत सांगते. इंजिनाचे ढोबळ दोन भाग. खालचा ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर झाकणासारखं बसतं ते हेड. मारुतीचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. या दोघांच्या मध्ये एक पातळ पत्र्यासारखी चकती दाबून बसवलेली असते, तिला जागोजागी भोकं असतात. तीच हेड गॅसकेट. कुकरची रिंग जे करते तेच तिचं काम, फक्त कुकरच्या रिंगेला एकटी वाफ अडवायची असते. हिला तीन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवायच्या असतात. सिलिंडरमध्ये पेटलेल्या पेट्रोलचा जाळ आणि दाब, इंजिन गार ठेवणारं पाणी, आणि ऑइल. तिन्हींचे रस्ते शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंतर. कुठे फाटली त्यावर काय बिघडणार ते ठरतं. जाळ पाण्यात घुसू शकतो, पाणी जाळात जाऊ शकतं, पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं, किंवा एका सिलिंडरचा दाब शेजारच्या सिलिंडरमध्ये निसटतो. म्हणजे ‘गॅसकेट गेलं’ हे एक नाव झालं, दुखणी चार वेगवेगळी. खर्चही वेगवेगळा.

“आता सांगा,” चाचा म्हणाले, “पाणी कमी होत होतं?”

होत होतं. महिनाभर मी दर तीन-चार दिवसांनी बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घालत होते. बोअरचं. खाली कुठे थेंब पडलेला दिसला नव्हता, म्हणून मी विचारही केला नाही ते जातं कुठे. आपल्या माठातलं पाणी न पिता संपलं तर आपण लगेच बुड चाचपून बघतो. इथे महिनाभर नुसती ओततच होते.

सकाळी सुरू करताना इंजिन थरथरतं? हो, पहिली काही मिनिटं, मग नीट. सायलेन्सरमधून पांढरा धूर? होता, पण डिसेंबरात कुणाच्या गाडीला नसतो? इथे चाचांनी मला थांबवलं. थंडीत सकाळी सगळ्याच गाड्यांमागे पांढरी वाफ दिसते, ती रात्रभर सायलेन्सरमध्ये साचलेल्या दमटपणाची. इंजिन तापल्यावर ती जायला हवी. गाडी पुरती गरम झाली तरी पांढरा दाट धूर चालूच, आणि त्याला गोडसर वास, तर मात्र कुलंट जळतंय. कुलंट म्हणजे ते हिरवं किंवा लाल पाणी. त्यात ग्लायकॉल असतं, त्याला गोड वास येतो.

काकवी! मी स्टुलावरून उठलेच. दोन खेपा आधीपासून मावशींना तो वास येत होता आणि मी त्यांची चेष्टा केली होती.

(गोड वास असला, चव गोड असली, तरी ते विष आहे. सांडलेलं कुलंट कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. उरलेली बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतू नका.)

मी त्यांना ऑइलच्या झाकणाखालच्या सायीबद्दल सांगितलं. चाचांनी झाकण पाहिलं, मान हलवली आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. ऑइल काळपट होतं, पण साफ. चहात दूध घातल्यासारखं अजिबात नव्हतं. “पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ते इथे दिसलं असतं. झाकणावरचं काय, थंडीत गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर गाडी फिरवली की वाफ झाकणाला लागते आणि ऑइलमध्ये मिसळून अशी साय होते. तब्येत चांगली असलेल्या गाडीत पण होते.” माझी गाडी आठवडाभर नुसती बाजार, शाळा, बँक करत असते. म्हणजे ज्या पुराव्यावर पस्तीस हजार ठरले होते, तो पुरावा नव्हताच.

मला वाटलं, सुटलो. गॅसकेट शाबूत आहे. चाचा म्हणाले, “थांबा. अजून काहीच पाहिलं नाही.”

इंजिन रात्रभर गार झालेलं होतं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठोकाठ भरलं आणि मला गाडी सुरू करायला सांगितलं. पाण्यात बुडबुडे. थोडे आधी येतातच, भरताना हवा अडकलेली असते, ती निघते. ते थांबायला हवेत. हे थांबेनात, भात शिजताना येतात तसे एका लयीत येत राहिले. आणि दोनच मिनिटांत वरचा रबरी पाइप हाताला दगडासारखा कडक लागला. पाणी तापायच्या आधीच पाइप फुगतो म्हणजे आत दाब दुसरीकडून येतोय.

मग त्यांनी पेटीतून एक काचेची नळी काढली, वर रबरी फुगा, आत निळं पाणी. रेडिएटरमधलं थोडं पाणी काढून ती नळी तोंडावर घट्ट बसवली आणि फुगा दाबत आतली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढली. निळं पाणी जाळाचा धूर लागला तर पिवळं होतं. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाली, “आई, ते ब्रोमोथायमॉल ब्ल्यू. आम्ही त्यात स्ट्रॉने फुंकर मारतो, कार्बन डायऑक्साइडने पिवळं होतं.” शाळेच्या प्रयोगशाळेतलं औषध गॅरेजमध्ये! आमचं निळं आधी हिरवट झालं, मग सरळ पिवळं. रेडिएटरच्या पाण्यात इंजिनाचा धूर होता. तिथे पोचायला त्याला गॅसकेटच्या फाटीतून, नाहीतर हेडच्या तड्यातून यावं लागतं.

शेवटची तपासणी मला फार आवडली, कारण त्यात माझाही हात होता. तिन्ही प्लग काढले, पेट्रोल आणि ठिणगी बंद केली. एका प्लगच्या जागी घड्याळासारखा गेज बसवला. “ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मी थांबा म्हणेपर्यंत चावी फिरवून धरा.” इंजिन नुसतं हापसलं जातं आणि त्या सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते काटा दाखवतो. पहिल्याचा आला १७०. दुसऱ्याचा ९०. तिसऱ्याचा ९५. मग त्यांनी दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वर गेला असता. गेला नाही. तिसऱ्याचंही तसंच. शेजारशेजारचे दोघेच एकदम खाली, म्हणजे दोघांमधली भिंत फुटली आहे. ती भिंत म्हणजे गॅसकेटची अरुंद पट्टी.

“आता मी म्हणतो,” चाचा म्हणाले, “गॅसकेट गेलंय.”

म्हणजे आमचे वाईचे फिटरदादा बरोबर होते! मला हसावं की रडावं कळेना. नाव त्यांनी बरोबर सांगितलं होतं. पण ऑइल साफ होतं, म्हणजे खालच्या बेअरिंगांना धक्का नव्हता. पहिल्या सिलिंडरचा दाब उत्तम, म्हणजे इंजिन म्हातारं झालेलं नव्हतं. इंजिन बांधायची गरज नव्हती आणि गाडी वीस हजारांत घालवायचीही.

हेड उतरवलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. जुनी गॅसकेट चाचांनी माझ्या हातात दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये काळा जळका पट्टा, आणि त्याचं टोक शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेलेलं. मग त्यांनी हेड उलटं ठेवून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून कागदासारखं पातळ पातं सरकवलं. मध्यावर ते आरपार गेलं. सपाट असायला हवं ते हेड उन्हातल्या फळीसारखं वाकलं होतं. ती दोन किलोमीटर. मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला गेलं, तिथे तडा नाही ना तेही पाहून घेतलं.

पण माझा मूळ प्रश्न उरला होता, कशावरून? म्हणजे गॅसकेट गेलं कशाने? चाचांनी रेडिएटरच्या पंख्याची वायर थेट बॅटरीला लावून दाखवली. पंखा फिरलाच नाही. मोटर जळालेली. हायवेवर साताऱ्याला जाताना समोरून वारा लागतो, पंखा नसला तरी भागतं. गावातल्या दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. घाटात मात्र एसटीमागे पहिल्या गिअरवर इंजिन धापा टाकतं आणि वारा मिळत नाही, तिथे पंखाच लागतो. मला आठवलं, दिवाळीच्या आधी एकदा घाटात काटा असाच वर गेला होता. तेव्हा जरा थांबले, उतरला, विसरले. तिथून पाणी कमी व्हायला लागलं होतं. नुसती गॅसकेट बदलून गाडी आणली असती तर पुढच्या घाटात नवी गॅसकेटसुद्धा गेली असती. वर बोअरच्या जड पाण्याचा क्षार थर्मोस्टॅटवर बसला होता, आपल्या बंबात बसतो तसा. तोही बदलला.

बसवताना हेडचे बोल्ट मनाला येईल तसे आवळत नाहीत. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, पोळी लाटतो तसं, आणि एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. त्याला माप दाखवणारा टॉर्क रेंच लागतो. तुमच्या गाडीचं हेड कधी उतरलंच तर फिटरकडे तो आहे का, एवढं जरूर पाहा.

गॅसकेटचा सेट, फेसिंग, टायमिंग बेल्ट (उघडलंच आहे तर घालून घ्या, म्हणाले), पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर, कुलंट, मजुरी आणि टोचन धरून ११,८०० रुपये झाले. निम्मे ह्यांनी दिले. गटाच्या बायकांनी आपसांत ठरवून दोन हजार आणून दिले. मी नको म्हटलं तर मावशी म्हणाल्या, “एसटीला नाही का देत?” मग घेतले.

तुमच्यापैकी कित्येकींच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तुम्ही चालवत नसलात तरी. तिची देखभाल पुरुषांचं खातं, असं आपण धरून चालतो. पण सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडून बाटलीतल्या पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का, हे बघायला मिनिटही लागत नाही. मी आता दर सोमवारी बघते आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. पातळी उतरली तर पाणी ओतून विसरायचं नाही, कुठे गेलं ते शोधायचं. बहुतेक वेळा ते पाइपातून, पंपातून, रेडिएटरच्या एखाद्या बारीक छिद्रातून, नाहीतर झाकणाच्या सैल रबरातून गेलेलं असतं. ही दुखणी त्या मानाने स्वस्त असतात. यासाठी मेकॅनिक रेडिएटरला हातपंप लावून दाब भरतात आणि काटा उतरतो का ते बघतात. गाडी गार असताना करायची तपासणी आहे ती, मागून घ्या.

आणि रस्त्यात काटा वर चढायला लागला तर एसी असेल तो बंद करा. हीटर असेल तर उलट तो पूर्ण चालू करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनातली थोडी उष्णता तुमच्या अंगावर येईल. काटा तरीही चढतच राहिला तर सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. पुढच्या वळणापर्यंत नाही, पाचगणीपर्यंत नाही, तिथेच. मग निदान पाऊण-एक तास झाकणाला हात लावायचा नाही. गार झाल्यावर पाणी घालून गाडी टोचनला लावायची. टोचनचे पैसे जिवावर येतात, मलाही आले, पण त्या दोन किलोमीटरची किंमत मी आता लेथवाल्याच्या बिलावर वाचू शकते.

गाडी आल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही पुन्हा घाट चढलो. माझं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं काट्यावर. नेमकी पुन्हा एसटी पुढे आली. काटा निम्म्यावर, थोडा वर, आणि मग पुढून पंख्याची घरघर ऐकू आली आणि काटा पुन्हा खाली. मी मागे वळून न बघता विचारलं, “मावशी, वास?” त्यांनी खिडकीची काच वर केली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाल्या, “पापडाचाच येतोय.”

राहता राहिले आमचे फिटरदादा. एकाच गावात राहायचं, रोज त्यांच्या गॅरेजवरून जायचं. तोंड चुकवून किती दिवस जाणार? एक दिवस गेलेच. सगळं खरं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, “मग? मी काय सांगितलं होतं? गॅसकेटच ना?”

“गॅसकेटच,” मी म्हटलं. “तुम्ही बरोबर होतात. पण दादा, ऑइलची पट्टी तुम्ही काढून बघितली नव्हती.”

ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. हातातला पान्हा फडक्याने पुसत राहिले. मी निघाले तेव्हा मागून हाक मारली, “वहिनी, तो दाबाचा गेज चाचांनी कुठून आणला, काही बोलले का?”

मी चाचांचा नंबर लिहून दिला.